छापण्यापूर्वी ठरवा: कोणत्या कामाला कोणता क्यूआर कोड

गोव्यातल्या फोंड्यात डीटीपी आणि छपाईचे काम करताना गेल्या काही वर्षांत सर्वाधिक वेळा कानावर पडलेले वाक्य म्हणजे ‘‘एक क्यूआर कोड तेवढा घालून द्या.’’ लग्नपत्रिका असो, जत्रेच्या नाटकाची स्मरणिका असो, काजूगराच्या पाकिटाचे लेबल असो की होमस्टेच्या खोलीत लावायचा फलक असो, मागणी तीच. कोणता कोड हवा, असे विचारले की बहुतेक जण गोंधळून पाहतात, कारण दिसायला सगळे कोड सारखेच काळे-पांढरे असतात. प्रत्यक्षात दोन कोडांतला फरक हा पोस्टकार्ड आणि पोस्टाची पेटी यांच्यातल्या फरकाइतका मोठा असू शकतो आणि तो छापून झाल्यावर कळला, तर सगळा कागद वाया जातो. म्हणून ज्या क्रमाने मी गिऱ्हाइकांना प्रश्न विचारतो, त्याच क्रमाने हा लेख मांडला आहे.

पायरी १: कोडच्या पोटात माहिती असावी की माहितीचा पत्ता?

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कंपनीने पेटंट घेतले, पण प्रमाणित पद्धतीने कोड वापरणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावला नाही आणि २००० साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही झाले. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे: साधा क्यूआर कोड बनवायला कोणालाही भाडे द्यावे लागत नाही आणि तो कधी ‘संपत’ नाही. वर्षाला पैसे मागणारी सेवा पैसे घेते, ते कोडचे नव्हे, तर मधल्या वळणाचे.

ते वळण असे. स्टॅटिक कोडमध्ये माहिती थेट काळ्या-पांढऱ्या घरांच्या मांडणीत भरलेली असते: दुकानाचा पत्ता, वाय-फायचा पासवर्ड, संकेतस्थळाची लिंक. छापल्यावर ती बदलता येत नाही. डायनॅमिक कोडमध्ये सेवा देणाऱ्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो. स्कॅन करणारा आधी तिथे जातो आणि तिथून त्याला तुम्ही ठरवलेल्या पानावर पाठवले जाते. पान हवे तेव्हा बदलता येते, किती जणांनी कधी स्कॅन केले हेही मोजता येते. पण ती कंपनी बंद झाली, तुमची वर्गणी थकली किंवा चाचणीची मुदत संपली, की छापलेला प्रत्येक कोड त्याच क्षणी मुका होतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या स्मरणिकेत कलाकारांच्या फोटोंच्या पानाचा कोड घालायचा होता. एका फुकट संकेतस्थळावर तो दोन मिनिटांत तयार झाला, प्रूफ तपासताना नीट चाललाही. ती डायनॅमिक कोडची काही दिवसांची चाचणी होती, हे मी वाचलेच नव्हते. प्रयोगाच्या रात्री पहिला अंक संपता संपता लोक मोबाइल घेऊन माझ्याकडे येऊ लागले. प्रत्येकाच्या पडद्यावर नाटकमंडळींच्या फोटोंऐवजी योजना विकत घेण्याचे इंग्रजी आवाहन होते. तेव्हापासून फुकट कोड बनवला की मी त्यातला कच्चा मजकूर आधी वाचतो. स्कॅन केल्यावर कॅमेरा जो पत्ता दाखवतो, तो तुमच्याच पानाचा असेल तर कोड स्टॅटिक आहे. कोणत्या तरी अनोळखी छोट्या नावाचा असेल तर तो डायनॅमिक आहे, मग बनवताना काहीही सांगितलेले असो.

माझे मत असे की सर्वसामान्य कामाला स्टॅटिक कोडच घ्यावा. मजकूर पुढे बदलणार असेल, उदाहरणार्थ किनाऱ्यावरच्या शॅकचे मेनूकार्ड मोसमागणिक नवे होत असेल, तरी भाड्याच्या डायनॅमिक कोडाआधी एक मधला मार्ग पाहावा. स्वतःच्या नावाचे डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचे नाव) घ्यावे, त्यावर ‘मेनू’ नावाचे एक कायमचे पान ठेवावे आणि त्या पानाचा स्टॅटिक कोड छापावा. पानावरचा मजकूर तुम्ही रोज बदला, कोड तोच राहील आणि वळणाची चावी तुमच्याच खिशात राहील. डोमेनचे नूतनीकरण मात्र विसरून चालणार नाही. भाड्याचा डायनॅमिक कोड मी सुचवतो तो फक्त दोन प्रसंगी: जाहिरातीचे वेगवेगळे फलक लावून कोणता जास्त चालला हे खरोखर मोजायचे असेल तेव्हा, किंवा स्वतःचे संकेतस्थळ सांभाळणारे कोणीच नसेल तेव्हा.

पायरी २: स्कॅन करणारा कुठे उभा असेल आणि त्याच्याकडे नेटवर्क असेल का?

आत लिंक असलेल्या कोडला इंटरनेट लागते. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या रानात, जिथे मोबाइलची रेघ येते-जाते, तिथे झाडांच्या नावांचे फलक लावून त्यावर लिंकचा कोड घालणे म्हणजे बंद दारावर पाटी लावणे होय. अशा जागी दोन-तीन ओळींचा मजकूरच थेट कोडमध्ये भरावा. तो वाचायला नेटवर्क लागत नाही.

वाय-फायचा कोड याच कारणाने नेहमी स्टॅटिक असावा. पाहुणा वाय-फाय जोडण्यासाठी स्कॅन करतो, तेव्हा त्याच्याकडे इंटरनेट असेलच असे नाही, विशेषतः परदेशी पाहुण्याकडे. या कोडमध्ये नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड एका ठरावीक साच्यात भरलेले असतात आणि आयफोनवर आयओएस ११पासून साधा कॅमेराच तो ओळखतो. पासवर्डमध्ये अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर साचा बिघडू शकतो, त्यामुळे पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढून त्याला फक्त अक्षरे आणि आकडे असलेला लांब पासवर्ड द्यावा. घरच्या नेटवर्कचा कोड भिंतीवर लावू नये. एकदा फोटो काढला की तो पासवर्ड कायमचा बाहेर गेला.

व्हिजिटिंग कार्डावर संपर्काचा कोड हवा असेल तर नाव, एक फोन क्रमांक, ईमेल आणि फार तर व्यवसायाचे नाव एवढेच भरावे. फोटो, तीन क्रमांक आणि सविस्तर पत्ता कोंबला की कोड इतका दाट होतो की कार्डाच्या कोपऱ्यात तो वाचलाच जात नाही. जागा दाखवायची असेल तर अक्षांश-रेखांशांचा वेगळा साचा असतो, पण सगळे फोन तो सारखा उघडत नाहीत. नकाशाच्या ॲपमधली शेअर करण्याची लिंक जास्त भरवशाची.

पायरी ३: पैशांचा कोड वेगळा मोजा

इथे सर्वांत मोठा घोटाळा शब्दाचा होतो. लिंकच्या जगात ‘डायनॅमिक’ म्हणजे मागून बदलता येणारा कोड. यूपीआयच्या जगात ‘डायनॅमिक’ म्हणजे प्रत्येक बिलासाठी नव्याने तयार होणारा, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ आत असलेला कोड. दुकानातल्या स्टँडवर असतो तो यूपीआयचा स्टॅटिक कोड: त्यात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि नाव असते, रक्कम गिऱ्हाईक टाकते. सकाळी सायकलवरून उंडे आणि पोळ्यो हे पाव विकणाऱ्या पोदेराला किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेऊन बसणाऱ्या बाईला हाच पुरतो. रोज शंभर-दीडशे बिले फाडणाऱ्या हॉटेलाला मात्र बिलिंग यंत्रातून येणारा रकमेसह कोड घ्यावा असे मी सांगतो, कारण रात्री हिशेब जुळवताना कोणते पैसे कोणत्या टेबलाचे, हा वाद त्यात उरत नाही. या दोहोंमधला तिसरा प्रकार म्हणजे ठरलेल्या रकमेचा स्टॅटिक कोड. नाटकाचे तिकीट किंवा महाप्रसादाचे कूपन यांना तो चांगला.

वेगवेगळ्या ॲपसाठी वेगवेगळे चार स्टिकर लावण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये पेमेंट कंपन्यांना स्वतःपुरतेच चालणारे कोड बंद करून, सर्वांना वाचता येतील असे यूपीआय क्यूआर किंवा भारत क्यूआर ३१ मार्च २०२२ पर्यंत आणण्यास सांगितले होते. भारत क्यूआर २०१७ साली आला आणि त्यात कार्डाने पैसे देण्याचीही सोय आहे. एवढे असूनही किनाऱ्यावरच्या व्यावसायिकांनी कोडवरच विसंबू नये; परदेशी पर्यटकांसाठी २०२३पासून यूपीआय वॉलेटची सोय सुरू झाली असली तरी ते घेतलेला पाहुणा विरळाच, त्यामुळे कार्डाचे यंत्र जवळ हवेच.

देवस्थाने, क्लब आणि नाट्यमंडळे यांच्यासाठी एक आग्रहाची सूचना. देणगीचा कोड खजिनदाराच्या खासगी मोबाइल क्रमांकावरून काढू नये. समिती बदलते, माणूस गाव सोडतो, क्रमांक बंद होतो, आणि फरशीवर कोरून बसवलेला कोड तसाच राहतो. संस्थेच्या नावाचे खाते उघडून बँकेकडूनच कोड घ्यावा, म्हणजे पैसे देणाऱ्याच्या पडद्यावर संस्थेचे नाव दिसते आणि त्याला खात्री पटते.

काही कोड आपण बनवायचेच नसतात. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरचा कोड नोंदणी पोर्टलकडून डिजिटल स्वाक्षरीसह येतो. आधारवरचा कोडही स्वाक्षरीचा असतो. त्यातला मजकूर वाचून ‘तसाच दुसरा’ काढला तर दिसायला तो जुळेलही, पण स्वाक्षरी नसल्यामुळे तपासणीत टिकणार नाही. बिलाच्या नमुन्यात असा कोड हवा असेल तर आलेला आहे तोच, न ताणता, न कापता ठेवावा.

पायरी ४: मजकूर किती आणि कोणत्या लिपीत?

मराठी माणसाला हा भाग विशेष कामाचा आहे, कारण इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत तो सहसा सापडत नाही. क्यूआर कोडच्या ४० आवृत्त्या आहेत; पहिलीत २१ × २१ घरे असतात, पुढे प्रत्येक आवृत्तीला दोन्ही बाजूंनी चार-चार घरे वाढत चाळिसावीत १७७ × १७७ होतात. सर्वांत मोठ्या कोडमध्ये ७,०८९ आकडे किंवा २,९५३ बाइट (माहिती मोजण्याचे एकक) मावतात. रोमन लिपीतले एक अक्षर एक बाइट घेते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. ‘श्री शांतादुर्गा’ एवढे लिहिले तरी पंधरा चिन्हांचे ४५ आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, असे ४६ बाइट होतात.

लिंकमध्ये मराठी शब्द असेल तर प्रकरण आणखी वाढते. ‘कार्यक्रम’ या शब्दात नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. पण ब्राउझरमधून पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा रूपात येतो, आणि त्या एका शब्दाची ८१ अक्षरे होतात. हिशेब करून पाहा. तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता २५ अक्षरांचा असेल तर मध्यम, म्हणजे एम दुरुस्ती-पातळीवर (तिच्याबद्दल पुढच्या पायरीत) तो २५ × २५ घरांच्या कोडमध्ये बसतो. त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘कार्यक्रम’ जोडले की १०७ अक्षरे होतात आणि साध्या पद्धतीने बनवलेला कोड ४५ × ४५ घरांवर जातो. स्मरणिकेत अडीच सेंटिमीटरची जागा असेल, तर कडेची कोरी जागा धरून पहिल्या कोडचे एक घर पाऊण मिलिमीटरचे पडते, दुसऱ्याचे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. न्यूजप्रिंटवर शाई पसरली की हा दुसरा कोड गेलाच. म्हणून पानावरचा मजकूर खुशाल मराठीत असू द्या, असावाच. फक्त पानाचा पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवा.

पायरी ५: दुरुस्ती-पातळी आणि मधला लोगो

कोड थोडा फाटला, मळला तरी वाचता यावा म्हणून त्यात जादा माहिती भरलेली असते. तिच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू आणि एच, त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान भरून काढतात. पातळी वाढवली की घरेही वाढतात. वर सांगितलेले ‘श्री शांतादुर्गा’ एमवर ३३ × ३३ घरांत बसते, एचवर ४१ × ४१ लागतात. घरात, काचेमागे, चांगल्या कागदावर राहणाऱ्या कोडला एम पुरे. मासळीच्या बाजारात, बसस्टँडवर, उघड्या फलकावर क्यू घ्यावा. एच फक्त लोगो घालायचा असेल तेव्हा.

लोगोच्या हौसेबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. एच पातळी ३० टक्के भरून काढते, म्हणून लोगोने ३० टक्के झाकायचे, हा हिशेब चुकीचा आहे; सगळी राखीव गंगाजळी लग्नातच उधळली तर पुढे पावसाला काय द्यायचे? लोगो मधोमध, क्षेत्रफळाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावा आणि कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांना हात लावू नये, कारण कॅमेरा त्यांच्यावरूनच कोड ओळखतो. गोल ठिपके, रंगांच्या छटा, सोनेरी पार्श्वभूमी हे सगळे पत्रिकेत सुंदर दिसते आणि मांडवातल्या दिव्यांत वाचले जात नाही. गडद घरे, फिकट पार्श्वभूमी, एवढे पाळावे. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड काही ॲप वाचत नाहीत.

लहान वस्तूंसाठी एकाच कोपऱ्यात चौकोन असलेला मायक्रो क्यूआर आणि लांबट पट्टीसारखा आयताकृती प्रकारही आहे. कारखान्यांत त्यांचा उपयोग होतो. फोनचे साधे कॅमेरे बहुधा ते वाचत नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकांसाठी ते घेऊ नयेत.

पायरी ६: आकार, जागा आणि गोव्याचा पाऊस

ढोबळ नियम दहाला एक: तीन मीटरवरून स्कॅन व्हायचा कोड निदान ३० सेंटिमीटरचा हवा, हातात धरून वाचायचा दोन-अडीच सेंटिमीटरचा. दाट कोडला याहून मोठा. चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा सोडणे बंधनकारक आहे, आणि डिझाइन करणारे नेमकी हीच जागा चौकटीसाठी किंवा वेलबुट्टीसाठी खातात. काजूफेणीच्या बाटलीसारख्या गोल पृष्ठभागावर कोड लहान, कमी घरांचा ठेवावा, नाहीतर त्याच्या कडा वळून नजरेआड जातात.

किनाऱ्यावर दुपारी चकचकीत लॅमिनेशन केलेला फलक आरशासारखा तळपतो. तिथे मॅटच घ्यावे. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहणाऱ्या कोडसाठी लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, कडेतून पाणी शिरते आणि कागद फुगतो. सनबोर्डवर व्हिनाइल किंवा ॲक्रिलिकच्या मागून छपाई टिकते. गेटवर आडवा बांधलेला फ्लेक्स वाऱ्याने हलत राहतो, म्हणून कोड त्याच्या मधोमध न घेता ताणलेल्या कडेजवळ घ्यावा.

पायरी ७: फाइल आणि प्रूफ

व्हॉट्सॲपवरून आलेला स्क्रीनशॉट छापखान्यात देऊ नका. लिब्रेऑफिसमध्ये ६.४ आवृत्तीपासून क्यूआर कोड बनवण्याची सोय आहे, इंकस्केपमध्येही आहे. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत रेघा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल द्यावी आणि शाई फक्त काळी ठेवावी. चार रंगांच्या मिश्रणातला काळा छपाईत जरासा सरकला तरी घरांच्या कडा धूसर होतात.

मग खऱ्या आकाराचे प्रूफ खऱ्या कागदावर काढावे. संगणकाच्या पडद्यावरून स्कॅन करून समाधान मानू नये. एक आयफोन, एक नवा अँड्रॉइड आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा, काचेला तडा गेलेला जुना फोन, अशा तिघांवर तो तपासावा. एकदा उन्हात, एकदा रात्री एकाच बल्बखाली. पैशांचा कोड असेल तर एक रुपया प्रत्यक्ष पाठवून पाहावा आणि तो योग्य खात्यात पडला हे पासबुकात बघावे. कोडखाली तो कशाचा आहे हे मराठीत एका ओळीत लिहावे आणि लिंक असेल तर तिचा आखूड पत्ताही छापावा, म्हणजे कॅमेरा हरला तरी माणूस टाइप करू शकेल.

पायरी ८: लावल्यानंतर

दुकानातल्या पैशांच्या कोडवर दुसऱ्याच खात्याचा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. दुकान उघडताना कोडवरून एकदा बोट फिरवावे. कड हाताला लागली की समजावे. कोडशेजारी खातेदाराचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असेल तर गिऱ्हाईक स्वतःच पडद्यावरचे नाव ताडून पाहते. आणि कोणी ‘‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका,’’ म्हणाला तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

शेवटचे काम वहीचे आहे. कोणता कोड कुठे लावला, त्याच्या पोटात काय आहे, डोमेन किंवा वर्गणी कधी संपते, हे एका पानावर लिहून ते पान बिलांच्या फायलीत ठेवावे. पासवर्ड किंवा खाते बदलले की त्या पानावरची एकेक जागा खोडत जायची: काउंटर, गल्ल्याची मागची बाजू, डिलिव्हरीची स्कूटर, आणि गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीच्या चौकटीला लावलेला तो एक, जो हमखास सगळ्यांच्या लक्षातून गेलेला असतो.